माझा झोपायचा पत्ता

मी एक जुनी मोटारगाडी आहे आणि माझा विमा उतरला. स्वस्तात उतरला. सगळं ठीक झालं.

आता मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते सांगितलेलं नाही. आपण असं धरून चालू की माझा विमा संपत आलाय, नवीन कुणी उतरवायला तयार नाही, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून थरथरतेय. इंजिन बंद आहे, तरी थरथरतेय. यावरून काय ते ओळखा.

तर, मी एक जुनी मोटारगाडी आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाच्या हातांनी मला जोडलं आणि लगेच पाठ फिरवून ते पुढच्या गाडीला जोडायला लागले. मातृप्रेमाविषयी मला विशेष काही सांगता येणार नाही. माझ्या रंगाचं नाव कंपनीच्या पुस्तकात ‘सागरी पहाट’ असं होतं. प्रत्यक्षात मी पालक उकडल्यावर उरलेल्या पाण्याच्या रंगाची आहे.

माझी पहिली नोकरी गाडी शिकवण्याच्या शाळेत. माझ्या टपावर पाटी होती आणि शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. ज्याला गाडी येत नाही तोच मला चालवायचा. आणि ज्या दिवशी त्याला यायला लागायची, त्या दिवशी तो दुसऱ्या गाडीत बसून निघून जायचा. मला त्याचं वाईट वाटायचं नाही असं मी बरेच दिवस म्हणत होते. क्लच कधी सुटेल आणि ब्रेक कधी बसेल हे न कळण्यात माझं तारुण्य गेलं. माझा स्वभाव जरा अस्वस्थ आहे तो त्यामुळे. लोक त्याला ‘इंजिनाचं मिसिंग’ म्हणतात.

मग शाळेने मला विकलं आणि ताईने घेतलं.

ताई परिचारिका. एका संस्थेतर्फे घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा धुते, पट्ट्या बदलते, इंजेक्शनं देते. माझ्या डिकीत कापूस, पट्ट्या, हातमोजे आणि एक कमरेचं दुखणं वाढवणारी पेटी असते. तिची माणसं शहरभर विखुरलेली. त्यांत एक सुतारकाका. त्यांच्या पायाची जखम हट्टी, एक दिवसाआड धुवावी लागते. मी कोपऱ्यावर वळले की ते खिडकीतून ओरडतात, “आली गं बाई, खोकत खोकत!” ताईला वाटतं हे माझ्याविषयी आहे. मलाही तसंच वाटतं.

“तुमच्या जागी दुसरी कुणी आली तर मी पाय पांघरुणातून बाहेर काढणार नाही,” असं त्यांनी एकदा तिला बजावलं होतं. “पायाची ओळख एकदाच होते.”

ताईच्या घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा निवृत्त वजनमापे निरीक्षक. पूर्वी ते बाजारात शिरले की तराजू आपोआप सरळ व्हायचे. निवृत्तीनंतर त्यांना तपासायला घरात फारसं काही उरलं नाही, म्हणून रोज संध्याकाळी ते माझ्या चाकांतली हवा मोजतात. स्वतःचं मापक घेऊन. पेट्रोल पंपावरच्या मापकावर त्यांचा विश्वास नाही. मापून झाल्यावर ते म्हणतात, “ठीक.” एवढाच शब्द, पण मला तो दिवसभर पुरायचा. माझी झोपायची जागा म्हणजे त्यांच्या खिडकीखालचा रस्ता. वर भांड्यांचा आवाज, बाप-लेकीचं टीव्हीच्या रिमोटवरून भांडण, समोरच्या गॅरेजची घरघर, कुत्री. मी गाढ झोपायचे.

मित्रांनो, विमा म्हणजे काय हे लहान मुलांना समजावं अशा सोप्या भाषेत सांगते: आधी पैसे भरायचे आणि मग काहीही होऊ नये म्हणून प्रार्थना करायची. तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ताईच्या संस्थेचा नियम त्याहून कडक. विम्याचा कागद नाही तर त्या दिवसापासून फेऱ्या बंद, कचेरीत बसून फोन घ्यायचे आणि फेऱ्या दुसरीला द्यायच्या.

आणि त्या वर्षी माझा हप्ता दीडपट झाला.

बाबांनी माझ्या टपावर कोपर टेकवून विमा कंपनीला फोन लावला. “आम्ही काय केलं?”

“काही नाही केलं, सर.”

“मग वाढवला कशाला?”

“तुमच्या भागात इतरांनी केलं, सर.”

“मग त्यांचा वाढवा ना!”

“त्यांनी उतरवलेलाच नाही, सर.”

ताईच्या पगारातून तो हप्ता निघणं शक्य नव्हतं. आमचं राज्य विम्याच्या बाबतीत फार महाग आहे अशी त्याची दूरवर ख्याती आहे. असं का, हे एका एजंटाने आम्हाला समजावलं. हा एजंट जाडजूड, घामेजलेला आणि मनाने चांगला होता. तो माझ्या बॉनेटवर बसूनच बोलायचा.

“कसंय काका, विमा महाग म्हणून निम्मे लोक उतरवत नाहीत. हे न उतरवलेले जाऊन उतरवलेल्यांना धडकतात. मग उतरवलेल्यांचा महाग होतो. म्हणून त्यांतले निम्मे उतरवायचं सोडतात.”

“शेवटी काय होणार?” ताईने विचारलं.

“शेवटी एकच माणूस विमा भरत असेल आणि सगळं राज्य त्याला धडकत असेल. तुम्ही आत्ता त्याच वाटेवर आहात, ताई.”

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय असा की माझ्या स्वतःच्या नुकसानीचा विमा काढूनच टाकायचा, फक्त दुसऱ्याला लागलं-खुपलं तर त्याची भरपाई ठेवायची. एजंटाने मला प्रदक्षिणा घातली, वाकून खालून पाहिलं, आणि म्हणाला, “हिची किंमत टाकीत पेट्रोल किती आहे त्यावर अवलंबून आहे.” मी तेव्हापासून त्या माणसाला बॉनेटवर बसू द्यायला नाखूश आहे, पण मला विचारतं कोण. उपाय लागू झाला. हप्ता किंचित उतरला.

मग निघालं की मी शिकवणीच्या शाळेतली. कंपनीच्या लेखी अशा गाडीला वाईट सवयी असतात. एजंटाने जादा ब्रेक काढून टाकायला सांगितलं. गॅरेजवाल्याने काढला. तिथे आता एक भोक आहे. बाबा शेजारच्या सीटवर बसले की अजूनही त्या भोकावर पाय दाबतात आणि ताई म्हणते, “बाबा, ब्रेक मारू नका, तो तिथे नाहीये.” बाबा म्हणतात, “मला माहितेय.” आणि पुन्हा दाबतात.

हप्ता अजून डोक्यावरून चाललेला. मग डबी आली.

ही काळी डबी कंपनीने माझ्या पोटात, स्टिअरिंगच्या खाली बसवली. मी कशी धावते, कशी थांबते, कुठे जाते आणि कुठे झोपते, सगळं ती कंपनीला कळवते. सौम्य चालवलं तर सवलत. माझ्या पोटात माझाच हेर. मी तिच्याशी पहिले काही दिवस बोलले नाही. तीही बोलली नाही, ती थेट वर कळवत होती.

बाबांनी डबी उलटसुलट करून पाहिली होती. “हिच्यावर तपासणीचा शिक्का कुठाय?”

“तसा शिक्का नसतो, काका.”

“शिक्क्याशिवाय माप? मी असली मापं पोत्यात भरून नेलीत.”

म्हणून त्यांनी स्वतःची तपासणी लावली. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला, आणि त्याच्यावर नजर ठेवायला शेजारच्या सीटवर ते स्वतः. ताईने असं चालवायचं की थेंब सांडता कामा नये. ताई इतकी सौम्य चालवायला लागली की रस्ता झाडणारी गाडी आम्हाला मागे टाकून गेली आणि झाडणाऱ्याने आमच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. सुतारकाका खिडकीतून ओरडले, “बाईला दम लागलाय का?” पेल्यातलं पाणी शांत होतं. आम्ही तिघं नव्हतो. कारण प्रत्येक घरी पोचायला उशीर, आणि उशीर झाला की ताई पळत जिना चढायची, आणि तिच्या पळण्याला सवलत नव्हती.

अशात एके दिवशी एक मांजर आडवं आलं. ताईने ब्रेक दाबला, बाबांनी भोक दाबलं, पेला बाबांच्या मांडीवर उलटला. मांजर वाचलं. डबीने वर कळवलं: ‘आक्रमक चालक.’

विमा संपायला आठवडा उरला असताना एजंट शेवटचा मार्ग घेऊन आला. या वेळी तो बॉनेटवर बसला नाही, आवाज खाली आणून माझ्या खिडकीशी वाकला.

“काका, खरा भाव कशावर ठरतो माहितेय? गाडी रात्री कुठे उभी असते त्यावर. तुमचा हा भाग म्हणजे चोऱ्या, धडका, पुराचं पाणी. तेच टेकडीवरच्या पत्त्यावर गेलात तर हप्ता निम्म्याच्याही खाली. टेकडीवर कुणी आहे का तुमचं?”

“माझी बहीण राहते,” बाबा म्हणाले.

“मग झालं की! अर्जात लिहायचं, गाडी रात्री तिथे उभी असते.”

“पण ती तिथे उभी नसते.”

“लिहायचं, काका. सगळे लिहितात.”

बाबांनी खिशातून मापक काढून पुन्हा खिशात ठेवलं. त्यांच्या आयुष्यात सगळ्या दुकानदारांनी त्यांना ‘सगळे करतात’ हेच सांगितलं होतं, आणि त्यांनी त्या सगळ्यांवर खटले भरले होते. ताई त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या मांडीवर सुतारकाकांसाठी घेतलेल्या पट्ट्यांची पिशवी होती आणि ती तिने घट्ट धरली होती.

“लिहायचं असेल,” बाबा शेवटी म्हणाले, “तर झोपवायला पाहिजे.”

“काय?”

“गाडी. तिथे. रोज.”

एजंटाने कपाळाला हात लावला. मित्रांनो, राज्यातल्या असंख्य कुटुंबांनी हाच सल्ला घेतला असेल. तो खरा करून दाखवणारं आमचं एकच.

त्या संध्याकाळपासून मी टेकडीवर झोपायला लागले. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, तिच्या अंगणात. आत्या जेवढी आनंदी तेवढीच खट्याळ. मी पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरले तेव्हा ती म्हणाली, “दादा, मी वर्षानुवर्षं बोलावते तेव्हा तू येत नाहीस आणि आता गाडीला पाठवतोस! हिला रात्री उशाला काय देऊ?”

“चेष्टा करू नकोस. हिची इथे खरी वस्ती आहे.”

“मग कपाटात एक खण रिकामा करते.”

ठरलं असं की ताईने फेऱ्या संपवून मला आत्याकडे सोडायचं आणि बसने घरी यायचं. पण टेकडीवरून खाली जाणारी शेवटची बस ताईची शेवटची पट्टी बांधून व्हायच्या आत निघून जायची. दोनदा ती पायी उतरली. तिसऱ्यांदा आत्याने तिच्या हातातून चपला काढून घेतल्या आणि म्हणाली, “झोप इथेच. तुझी गाडी राहते तर तू काय परकी आहेस?” म्हणून ताईही टेकडीवर झोपायला लागली.

“मग तूही ये ना दादा,” आत्या फोनवर म्हणाली. ताईने फोन माझ्या टपावर ठेवला होता, त्यामुळे मला नीट ऐकू येत होतं.

“मी एजंटाला विचारलं,” बाबा म्हणाले. “घरात कुणीच झोपत नसेल तर घराचा विमा दुप्पट होतो.”



असं हे झालं. मी स्वस्त पत्त्यावर, माझ्यासाठी ताई माझ्यापाशी, आणि घर घरी राहावं म्हणून बाबा घरी.

जुना विमा संपायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अंगणाबाहेरच्या झुडपात एक माणूस दिसला. मला तो आधीच दिसला होता, पण मला हॉर्न स्वतःहून वाजवता येत नाही. आत्याने पाहिला.

“कोण रे तो झुडपात? बाहेर ये, काटे आहेत त्याला!”

एक सडपातळ माणूस पाठीतले काटे काढत बाहेर आला. तो विमा कंपनीचा तपासनीस. अर्ज त्याच्यापाशी अडकला होता, आणि त्याने होय म्हणेपर्यंत कागद मिळणार नव्हता. कागद नाही तर उद्यापासून ताई कचेरीत फोन उचलणार. बाबाही त्या दिवशी तिथे होते, हवा मोजायला बसने वर आले होते, माझ्या मागच्या चाकाशी बसलेले.

तपासनीसाने माझा नंबर पाहिला. मग माझ्या आत डोकं घालून डबी चाचपली. “आहे,” तो निराशेने म्हणाला.

“नसायला काय झालं?” ताईने विचारलं.

“लोक काय करतात, डबी उपटून आत्याकडे ठेवतात आणि गाडी घरी. या टेकडीवर डब्याच डब्या झोपतात, बाई. गाडी एक नाही.”

“सगळ्यांना आत्याच असते का?”

“अर्ज पाहिले तर हो. अर्ध्या राज्याच्या आत्या याच टेकडीवर राहतात.” त्याने आत्याकडे जरा संशयाने पाहिलं. “तुम्ही खऱ्या आहात?”

“चिमटा काढून बघ हवं तर,” आत्या म्हणाली. “पण मीही काढीन.”

तो माझ्याभोवती फिरला. चाकांखालची माती पाहिली, रोज उभं राहून पडलेले खड्डे पाहिले, माझ्या इंजिनातून गळणाऱ्या तेलाचा डाग पाहिला. तो डाग चांगला मुरलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं गळणं कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं. मग त्याने ताईला विचारलं, “तुम्ही स्वतः कुठे झोपता?”

“इथेच.”

“आणि हे?”

“बाबा घरी. घराचा विमा आहे ना.”

त्याने वहीवरून पेन उचललं आणि तसंच हवेत धरलं. “म्हणजे तुम्ही खरंच... अहो, याहून सरळ खोटं लिहायचं होतं. खोटे अर्ज एकमेकांसारखे असतात, पटापट सुटतात. तुमचा वेगळा दिसला म्हणून तर माझ्याकडे आला. आता याचं मी करू काय? खोटं निघालं तर कुठे लिहायचं ते मला माहितेय. खरं निघालं तर कुठे लिहायचं याला जागाच नाही.”

ताईने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून घेतला होता, बोट पांढरं पडलं होतं. मला वाटलं, सुरू व्हावं आणि याला पाठीवर घालून दूर नेऊन सोडावं. पण माझी बॅटरी जुनी आहे.

बाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. “नोकरीत किती काळ आहात?”

“बराच झाला.”

“मीही तपासनीसच होतो. वजनमापांचा. तुम्हाला आजवर खरं माप सापडलंच नाही का?”

“नाही.”

“मला कधी कधी सापडायचं. पहिल्यांदा सापडलं तेव्हा मीही असाच उभा राहिलो होतो. दुकानदाराला वाटलं मी पैसे मागतोय.” बाबा हसले. “काही करायचं नसतं हो. शिक्का मारायचा आणि पुढच्या दुकानात जायचं.”

तपासनीसाने पाठीतला उरलेला काटा उपटला. मग माझ्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने सही केली. फाटकातून जाताना थांबला आणि म्हणाला, “पण लक्षात ठेवा, ‘रोज’ लिहिलंय तुम्ही. डबी बघत असते. एखाद्या रात्री जरी गाडी खाली दिसली तर विमा रद्द.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावर वळले. “आली गं बाई, खोकत खोकत!” ताई पळत न जाता, सावकाश जिना चढली. जखम भरत आली होती म्हणे. मी खाली उभी होते आणि मला हायसं वाटायला हवं होतं.

मित्रांनो, मला झोप येत नाही. टेकडीवर फार शांत आहे. इथे चोर नाहीत, पूर नाही, कुणी कुणाला धडकत नाही. मी रात्रभर टक्क जागी असते आणि दिवसा सिग्नलला डुलकी येऊन बंद पडते. ताई संध्याकाळी मला अंगणात लावते आणि लगेच उतरत नाही. माझ्यात बसून फोन लावते.

“चाकात हवा किती आहे?” बाबा विचारतात.

ती सांगते. त्यांना पटत नाही. रविवारी ते मापक पिशवीत घालून बसने येतात, चारही चाकं मोजतात आणि “ठीक” म्हणतात, पण हात चाकावरून लगेच काढत नाहीत. मग शेवटच्या बसच्या आत त्यांना निघावं लागतं.

“जेवलीस?” ते फोनवर विचारतात.

“हो. तुम्ही?”

“हो.”

अर्जात एक अक्षर खोटं न लिहिणारी ही दोन माणसं. ताईचा जेवणाचा डबा मागच्या सीटवर तसाच भरलेला असतो, ते मला ठाऊक आहे. बाबांचं मला दिसत नाही. पण ते ‘हो’ जरा लवकर म्हणतात.

तेव्हा मुलांनो, आपल्या गाडीची निगा राखा. तिला वेळेवर तेल द्या, काचा पुसा, आणि तिचा विमा काढताना ती स्वस्तात कुठे झोपेल एवढंच न पाहता तिच्या आसपास कोण कोण झोपेल तेही पाहा. माझ्यापुरतं म्हणाल तर मी वरिष्ठांकडे दाद मागायचं ठरवलं आहे. मजकूर पुढीलप्रमाणे:

प्रति, मा. जोखीम अधिकारी, विमा विभाग. विषय: वास्तव्याच्या अटीत शिथिलता मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर वाहन, सदर वाहनाची चालक व चालकाचे वडील या तिघांना महिन्यातून एक रात्र मूळ पत्त्यावर एकत्र झोपण्याची परवानगी मिळावी. त्या रात्री चोरी, पूर, धडक अथवा अन्य काही घडल्यास कंपनीकडे कोणतीही मागणी करण्यात येणार नाही. त्या एका रात्रीची संपूर्ण जोखीम सदर वाहन स्वतः घेत आहे.